सोबत्याचा नंबर

१९ जानेवारी

यात्रेचे मोठे दिवस संपले. यांचा यात्रेतला पांढरा अंगरखा, बाराबंदी, धुऊन वाळत घातलीय आणि तिच्याकडं बघत हे दारातल्या कट्ट्यावर बसलेत. सकाळपासून बसलेत. हे म्हणजे अण्णाराव, माझे यजमान. टॉवेलच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले तेव्हासुद्धा असे बसले नव्हते. दुसऱ्या दिवशी सवयीनं डबा मागितला होता आणि स्वतःच हसले होते.

सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, आम्ही नुसतं काठ्या म्हणतो. उंच आणि जड. बुंधा कमरेच्या पट्ट्यात धरून तोल सांभाळत चालायचं. हे लग्नाच्या आधीपासून काठी पेलत आलेत. यंदा डॉक्टर म्हणाले, चालायला गुडघा चांगला आहे, पण वजन पेलायचं नाही. मग काठीच्या मास्तरांनी यांच्या हातातली काठी काढून तरण्या पोरांकडं दिली. मास्तर म्हणजे शरणप्पा, यांचेच लहानपणचे जोडीदार. देताना शरणप्पांचे डोळे भरलेले मी पाहिले. यांचे नाही भरले. हे गपचूप मागं जाऊन चालायला लागले.

हातात काठी नसेल त्यानं काठीच्या पुढं पाऊल टाकायचं नाही, ही माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेली शिस्त. बाकीचं गाव पुढं चालतं, मागं चालतं, फोटो काढतं. आमच्या घरचे पुरुष तसं करत नाहीत. तर हे दिवसभर मागं. आणि ज्या माणसाचा 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' हा गजर पार बाळीवेशीतून ऐकू यायचा, तो माणूस यंदा एकदाही ओरडला नाही.

मला तो आवाज परत पाहिजे. लेकीनं, सृष्टीनं, नवीन वर्षाची म्हणून ही डायरी दिली, तिच्यात पहिलं मागणं हेच लिहिते.

२ मार्च

शरणप्पा आले होते. चहा अर्धा झाल्यावर मुद्द्यावर आले.

"अण्णा, डिसेंबरात सराव सुरू हुतो. तू ये की. पोरास्नी पाऊल कसं टाकायचं कळत न्हाय. ताकद हाय, पर पळतेत."

"हातात काठी न्हाय तर तितं येऊन काय करू? बुजगावणं म्हणून हुभारू?"

शरणप्पांनी उरलेला चहा गटकन पिला आणि गेले. मी आत भाकरी थापत होते. एरवी मी मध्ये बोलल्याशिवाय राहत नाही, पण आज भाकरीच थापत राहिले. रात्री यांनी अर्धी भाकरी पानात ठेवली. शेंगाची चटणी असताना! चटणी असताना अर्धी भाकरी ठेवणारा माणूस आजारीच म्हणायचा, डॉक्टर काही म्हणोत.

१५ जून

सृष्टी दोन दिवसांसाठी आलीय. आमची एकुलती एक. पुण्यात नोकरी करते आणि सकाळी उठून पळते. कशाच्या मागं पळते हे आम्ही विचारणं सोडलंय.

आल्या आल्या माझ्या साखरेचा रिपोर्ट घेऊन बसली. मी म्हटलं, ठेव तो कागद, माझ्या साखरेला काय धाड भरलीय, आधी अप्पांकडं बघ. तो माणूस दिवसेंदिवस कट्ट्याला चिकटून कट्टाच व्हायला लागलाय.

मग तिनं तिचं घोडं पुढं दामटलं. लोणावळ्याचा घाट उतरला की नवलनगरी म्हणून मोठा पार्क आहे. पाळणे, खोटा किल्ला, जांभळा हत्ती, सगळं आहे. तिथं नोव्हेंबरच्या शेवटी पळायच्या शर्यती असतात. शनिवारी लहान मुलांची, रविवारी मोठ्यांची दहा किलोमीटर. पार्क उघडायच्या आधी पहाटे आतूनच पळायचं. पळायलाच पाहिजे असं नाही, भरभर चाललं तरी चालतं. मग त्याच तिकिटावर दिवसभर पाळण्यात बसायचं. म्हणाली, आपण तिघं जाऊ.

हे म्हणाले, "मी कशाला पळू? चोर मागं लागलाय का माज्या?"

मला वाटलं, झालं, संपला विषय. पण सृष्टी अप्पांना गच्चीवर घेऊन गेली. बराच वेळ दोघांचं काय काय चाललं होतं. रिपोर्टचा कागदही वर नेला होता वारा घ्यायला. खाली आले ते हे म्हणाले, "जाऊ की. त्यात काय हाय."

मी थक्क झाले. रात्री स्वयंपाकघरात सृष्टी मला हळूच म्हणाली, "अव्वा, अप्पांना सकाळी एकटं पाठवायचं नाही. तू सोबत जायचं. रोज." हे सांगायला पाहिजे का? नवरा माझा आहे.

२० जून

पहिला दिवस. सिद्धेश्वर तळ्यापर्यंत जाऊन आलो. मी पाच वेळा म्हटलं की तुम्ही व्हा पुढं, मला भाजी निवडायचीय, पण हे दारात खांबासारखे उभे. "तू चल. तू न्हाय तर मी न्हाय." लहान मूल बरं.

परत येताना यांना धाप लागली. कठड्यावर बसले. मी उभ्यानंच शेजारच्या गुरम्माच्या सुनेची सगळी हकिगत सांगितली. हे मान हलवत ऐकत होते.

९ जुलै

पुण्याहून खोकं आलं. बुटांचे दोन जोड. एक यांचा. दुसरा बायकांचा, गुलाबी, आणि नेमका माझ्या मापाचा. एकावर एक फुकट दिला असणार दुकानदारानं. सृष्टीला फोन केला तर म्हणाली, "परत घेत नाहीत गं अव्वा, वाया जाईल." मग काय करता, घालते. साडीखाली गुलाबी बूट! गल्लीच्या तोंडाशी गुरम्मा झाडत होती, तिचा खराटा हातातच राहिला.

"काय वं दानव्वा, शाळंत नाव घातलाव का काय?"

"यांच्यासाठी जाऊलालेय," मी म्हटलं. "माणसाला सोबत लागती."

हे मागून येत होते. बरेच मागून.

३० जुलै

आज भांडले. लिहायची लाज वाटते, पण लिहिते. चालताना हे रोज म्हणतात, "जरा सावकाश की." आज पण म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला मुळात यायचंच नसतं, पाय ओढत चालता, माझ्यावर उपकार करता का? त्यांनी थांबून माझ्याकडं बघितलं. "उपकार न्हाय," एवढंच म्हणाले.

घरी येऊन मी मुद्दाम हुग्गी केली. खपली गव्हाची गोड खीर, त्यांना आवडते. मी स्वतः चमचाभरच घेतली. मग वाटीभर घ्यायला गेले तर यांनी वाटी माझ्यापुढून काढून घेतली आणि स्वतः खाल्ली. बघा, भूक सुधारतेय. भांडणाचा राग उरला नाही.

१८ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा केली. दरवर्षी गावभर अनवाणी फिरून आल्यावर पाय गरम पाण्यात घालून बसायची वेळ येते, दुसऱ्या दिवशी जिना चढवत नाही. यंदा आले आणि पुरण वाटायला बसले. रस्ते बरे केलेत बहुतेक.

५ सप्टेंबर

यांना गुडघा दाखवायला डॉक्टरांकडं नेलं. गुडघा जैसे थे. जाताजाता यांनी मलाही आत ढकललं, की आलोच आहोत तर रक्त दे. संध्याकाळी रिपोर्ट आला. साखर उतरलीय. मेथीच्या दाण्यांचा गुण, मी तीन महिने भिजवून खातेय. डॉक्टरांना सांगितलं तर ते यांच्याकडं बघून हसले आणि हेही हसले. जानेवारीनंतर पहिल्यांदा दात दिसले. मी मेथीला मनातल्या मनात हात जोडले. पण आवाज अजून नाही.

२६ सप्टेंबर

सृष्टीचा फोन. नावं घातली. तिचं, अप्पांचं आणि माझंही.

"माझं कशाला?"

"अव्वा, नंबर असल्याशिवाय आत सोडत नाहीत. अप्पांबरोबर कुणीतरी पाहिजे ना? तुझा सोबत्याचा नंबर आहे."

बरोबर आहे. दवाखान्यात पेशंटच्या माणसाला पास देतात तसंच. पार्कवाल्यांनी विचार केलाय म्हणायचा.

मग बेत ठरवायला बसलो. सृष्टीचा बेत असा: शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेसनं पुणे, तिच्याकडं मुक्काम. शनिवारी नवलनगरीजवळच्या लॉजवर जायचं, छातीवर लावायचे नंबर घ्यायचे आणि पाय वर करून पडायचं. रविवारी शर्यत, नंतर पाळणे. माझं म्हणणं, शनिवारचा आख्खा दिवस लोळण्यात कशाला घालवायचा? पाळणे शनिवारी उरकू, शर्यत झाली की थेट घरी. सृष्टी म्हणाली, आदल्या दिवशी पार्कात फिरून लोकांच्या पायाचे तुकडे पडतात आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीत मागं राहतात. मागं राहिलं तर काय होतं, विचारलं. तर म्हणे ठरलेल्या वेळेत जे येणार नाहीत त्यांना मधूनच काढतात आणि बसमध्ये घालतात.

मला यात्रा आठवली. एकदा काठी काढून घेतली. आता परत भर रस्त्यात सगळ्यांसमोर काढलं, तर हा माणूस पुन्हा उठायचा नाही. मी म्हटलं, बाई, तुझाच बेत. शनिवारी पलंगाला बांधून ठेवते त्यांना. बसची गोष्ट यांना सांगितली नाही. उगीच जिवाला घोर.

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. फराळात बेसनाचे लाडू यांनी माझ्यापासून लपवून ठेवले होते, कपाटावर. म्हातारपणी खादाडपणा वाढतो तो असा. खाऊ देत. काठीच्या वेळची बाराबंदी अजून खुंटीवर आहे, तिच्याकडं बघत नाहीत.

२६ नोव्हेंबर

कडक भाकरी बांधल्या. शेंगाची चटणी, दही वाटेत घेऊ. सृष्टी म्हणते पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. कडक भाकरी म्हणजे खाणं नव्हे, ती भाकरी आहे. यांनी खांद्यावरचा टॉवेल घेतलाय, त्यांच्याच कारखान्यातला. सृष्टी फोनवर म्हणाली, अप्पा, पळताना टॉवेल कशाला? हे म्हणाले, ऱ्हाऊ दे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

लॉजवर. नंबर मिळाले. यांच्या आणि माझ्या नंबरात फरक काहीच दिसत नाही, मी नीट पाहिला. सोबत्याचा म्हणून वेगळा रंग तरी द्यायचा होता.

हे पडून आहेत, मी सक्तीनं पाडलंय. मला काही खोलीत बसवेना. 'जरा फाटक कुठंय बघून येते' म्हणून निघाले आणि पार्काच्या भिंतीला बाहेरून वळसा घालून आले. तेवढाच पाय मोकळा झाला. भिंतीमागं जांभळ्या हत्तीचं डोकं बाजूला काढून एक माणूस चहा पीत बसला होता. घामानं निथळत होता बिचारा. त्याला एक कडक भाकरी दिली.

आल्यावर यांना विचारलं, भीती वाटते का? म्हणाले, "कशाची? तू हाईस की."

मी आहे. पण पाय तर त्यांचेच आहेत ना. सिद्धरामा, उद्या त्या बसपासून वाचव. एवढंच.

३० नोव्हेंबर, रविवार

पार्कातल्या बाकावर बसून लिहितेय. सृष्टी आणि हे मोठ्या पाळण्याच्या रांगेत उभे आहेत. पिशव्या माझ्याकडं. सगळं नीट लिहायचंय.

अंधारात उठलो. फाटकाशी हे एवढी माणसं! कुणी डोक्याला हत्तीचे कान लावलेले, कुणी परीचे पंख. माझा पंजाबी ड्रेस आणि यांचा पायजमा, खांद्यावर टॉवेल. कुणी बघितलंसुद्धा नाही. सृष्टी पुढच्या गटात गेली, ती पळणारी. आम्ही सगळ्यात मागच्या गटात.

शिट्टी झाली आणि निघालो. किल्ल्याच्या कमानीखालून, बंद पाळण्यांच्या मधून. दिवे चमचमत होते. मी सवयीनं बोलत होते, यांचं हूं हूं चाललं होतं. अर्ध्यात पाण्याचं टेबल आलं. मी दोन ग्लास घेतले, वळले, तर हे नाहीत.

मागं पुढं बघितलं. माणसं येत होती, जात होती. यांचा पत्ता नाही. मी उलटी फिरले. हो, उलटी! समोरून येणारे लोक म्हणत होते, आजी, इकडं नाही, तिकडं. मी म्हटलं, मला माहीत आहे कुठं ते, आणि दोन ग्लास घेऊन तशीच पळत गेले.

आणि बघते तर काय. एका पोरीच्या हातात उंच पाइप, वर मोठा निळा झेंडा. पळून पळून तिचा हात भरून आलेला, झेंडा डुलत होता. तिच्या मागं थोड्या अंतरावर बस, अगदी मुंगीसारखी सरकत होती. आणि बस आणि झेंड्याच्या मध्ये आमचे हे. मान खाली, शिस्तीत. जानेवारीत चालले होते तसेच.

"अहो! असं काय करलालाव? चला की म्होरं!"

"काठी हाय," म्हणाले.

"काय?"

"म्होरं काठी हाय की दानव्वा. माज्या हातात न्हाय. म्होरं कसं जाऊ?"

मला हसावं की रडावं कळेना. ती पोरगी म्हणाली, "काका, या झेंड्याच्या मागं राहिला तर तुम्हाला बसमध्ये बसावं लागेल. हा शेवटच्या वेळेचा झेंडा आहे. मी तेच सांगतेय मघापासून." तिच्या मागं एक जाडसर गृहस्थ, दोन बायका आणि एक आजोबा धापा टाकत येत होते. बस त्यांच्या पाठीशी लागली होती.

यांनी वर बघितलं. झेंड्याकडं, मग मागं त्या माणसांकडं, मग बसकडं.

"म्हंजे ही काठी माणसं गाळायला निघालीय?"

"नियम आहे काका."

यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी घातली, कमरेला आवळून बांधला. पोरीपुढं हात केला. "दे हिकडं. तुजा हात गेलाय. तू घड्याळ बघ, मी पाऊल बघतो. येळंच्या आदी नेणार न्हाय, येळंच्या नंतर बी न्हाय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, डॉक्टर! वजन!"

यांनी पाइपचा बुंधा टॉवेलात ठेवला आणि झेंडा डुलायचा थांबला. ताठ. "हिला वजन कुटं हाय?" म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "तू हो म्होरं."

"मी नाही जात. सोबत्याचा नंबर आहे माझा."

"चल!"

अगं बाई. तो आवाज! काठी वळवताना अख्ख्या गल्लीला बाजूला करायचा तो. माझे पाय मला न विचारताच निघाले. हातातले दोन्ही ग्लास कुठं गेले ते आठवत नाही. मागून ऐकू येत होतं, "ओ पाव्हणं, चला की! माज्या म्होरं व्हा! ताई, बसायचं न्हाय, बसलं की पाय धरतेत!" मी पळत होते आणि माझे डोळे वाहत होते. किल्ला, हत्ती, पाळणे, सगळे धूसर.

कमान आली. सृष्टी उभी होती, उड्या मारत होती. कुणीतरी माझ्या गळ्यात पदक घातलं, जांभळ्या हत्तीचं. मी म्हटलं, अहो, हे माझं नाही, मी सोबत आलेय, शर्यतवाले मागून येताहेत. ते ऐकेनात. मी पदक हातात घट्ट धरलं आणि वाट बघत उभी राहिले. सृष्टीला म्हटलं, अप्पा झेंडा घेऊन बसलेत. तिनं कपाळावर हात मारला.

आधी आवाज आला.

"एकदा भक्तलिंग हर्र!"

मग पाचसहा लोकांचा, हसत, चुकत, अडखळत, "बोला हर्र!"

वळणावरून ती सगळी आली. जाडसर गृहस्थ, बायका, आजोबा, आणखी कोण कोण वाटेत गोळा झालेले. त्यांना गजर काय माहीत? पण ओरडत होते. आणि त्यांच्या मागं झेंडा, किंचितही न हलता, आणि झेंड्याखाली हे. काठीचं पाऊल. टेकवायचं, थांबायचं, मग दुसरं. बाजूला ती पोरगी घड्याळाकडं बघत हसत होती. मागं बस रिकामी.

कमानीशी हे थांबले. आजोबा अजून पोचले नव्हते. हे तिथंच पाऊल मोजत उभे राहिले आणि आजोबांचा पाय आत पडल्यावर म्हणाले, "आता?" पोरगी म्हणाली, "आता, काका." तेव्हा झेंडा आत आणला.

मी गर्दीतून घुसले आणि पदक त्यांच्या गळ्यात घालायला गेले. त्यांनी माझा हात धरला. "काठीवाल्याला कसलं पदक? तुजं हाय त्ये."

"मी काय केलं? मी तर सोबत..."

सृष्टी आणि हे एकमेकांकडं बघून हसायला लागले. हसू देत. त्यांना रांगेत उभं करून मी इकडं येऊन बसलेय. एक गोष्ट मात्र विचारली होती. म्हटलं, काठीच्या पुढं जायचं नाही ना, मग लोकांना का पुढं घातलंत?

म्हणाले, "देवाच्या काठीम्होरं जायाचं न्हाय. ही गाळायला आल्ती. हिच्या म्होरं समद्यास्नी घालायचं."

मग टॉवेलची घडी घालत म्हणाले, "वजन न्हवतं, दानव्वा. पर काठीच हुती."

८ डिसेंबर

सराव सुरू झाला. शरणप्पांना बोलवावंच लागलं नाही. संध्याकाळी हे स्वतः टॉवेल खांद्यावर टाकून निघाले. मी गच्चीवर कपडे काढायला गेले आणि तिथंच थांबले. लांबून गजर येत होता. पोरांचे आवाज पुढं, आणि त्यांच्या मागून हा एक. शरणप्पा नंतर सांगत होते, काठीला हात लावला नाही, मागंच चालला, पण पोरांचं पळणं बंद झालं.

मी साडीत तोंड खुपसून रडले. डायरीच्या पहिल्या पानावरचं मागणं पुरं झालं. देवाचा नारळ फोडायचा राहिलाय.

पदक बाराबंदीच्या खुंटीवर अडकवलंय. हे म्हणतात वेगळी खुंटी ठोकतो, तुझी. मी म्हटलं कशाला, भिंत खराब.

११ डिसेंबर

हे सरावानं दमतात, सकाळी उठत नाहीत. आज म्हणाले, "तू जा." आता सोबत कुणाची करायची? तरी गेले. रोजची वाट बिघडली तर नाही बघायला. तळ्याला वळसा घातला, रिकामं होतं म्हणून आणखी एक घातला. सोबतीला कुणी नसल्यामुळं थांबावं लागलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी आले तर हे कट्ट्यावर. हातात पाण्याचा तांब्या. मला लांबून बघितलं, उठून उभे राहिले, आणि सगळी गल्ली हादरेल असा आवाज काढला, "एकदा भक्तलिंग हर्र!"

गुरम्मा खराटा घेऊन बाहेर आली. खिडक्या उघडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर माझं काय चाललं होतं तर मी पळत होते, सगळ्यांनी पाहिलं.

उद्यापासून मागच्या बोळानं यायचं ठरवलं होतं. पण बोळातून कट्टा दिसत नाही. आहे त्याच वाटेनं येईन.